आवळ्याच्या शेंड्यातल्या गाठी

मला त्या अळीचा राग येतो. शेती करणाऱ्याला किडीचा राग यायचाच, पण हा राग वेगळा आहे. तुरीच्या शेंगेतल्या अळीचा किंवा भेंडीवरच्या माव्याचा मला असा राग येत नाही. ती कीड खाते, मरते, हंगाम संपतो आणि विषयही संपतो. आवळ्याच्या शेंड्यात घुसून बसणारी ही अळी मात्र आमच्या घरात घुसली आणि निघालीच नाही.

आमचं गाव पोंभुर्ण्याहून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. खाली धानाच्या बांध्या, वर बरड, आणि बरडाच्या पलीकडे नाला ओलांडला की साग आणि मोह. त्या बरडावर माझ्या सासूबाईंनी आवळ्याची झाडं लावली. दगडाळ जमिनीत दुसरं काही येत नव्हतं. त्या होत्या तोवर बाग एकच होती. त्या गेल्या आणि वाटणी झाली. बागेच्या मधून धुरा, म्हणजे मातीचा बांध, पडला. विहिरीकडची झाडं आमच्या वाट्याला आली, नाल्याकडची मोठ्या जाऊबाईंच्या.

"धाकटीले पाणी, मोठीले दगड," असं जाऊबाई वाटणीच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्यानंतर आमच्या दोघींमधलं बोलणं कामापुरतं उरलं, आणि कामही कमी कमी होत गेलं.

जाऊबाई माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. लग्न होऊन आले तेव्हा धानाचं रोवणं मला त्यांनीच शिकवलं. हात फार झपाट्याचा, आणि तोंडही तसंच. त्यांचे यजमान, म्हणजे माझे भासरे, अगदी अबोल माणूस. आमच्याकडे भासऱ्यांशी तोंड वर करून बोलायची पद्धत नाही. ते समोरून आले की मी पदर सावरून बाजूला व्हायची, ते घसा खाकरून पुढे जायचे. इतक्या वर्षांत आमचं एवढंच नातं. माझा नवरा राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत कामाला. सुट्टीच्या दिवशी यायचा, झोपायचा, परत जायचा. त्यामुळे बाग मीच बघायची. बचत गटातल्या बायकांना घेऊन आवळ्याची कँडी आणि सुपारी करायची, हा माझा उद्योग.

गाठी पहिल्यांदा दिसल्या त्या पावसाळ्यात. झाडं छान वाढीला लागली होती, आणि एकाएकी काही शेंडे थांबले. बाकीच्या फांद्या वर चालल्या आहेत आणि ही एक फांदी जागच्या जागी. हात लावून पाहिलं तर शेंड्याखाली फुगवटा लागला. बोटाच्या पेरासारखा, कडक. मला वाटलं मार लागला असेल, माकडांनी मोडली असेल. पण पाऊस ओसरत गेला तसे फुगवटे वाढत गेले. दिवाळीच्या सुमारास ते चांगले लांबट, जाडजूड झाले. फांदीनं काहीतरी अख्खं गिळावं आणि ते घशात अडकावं, तसं ते दिसायचं.

एक गाठ मी विळ्यानं उभी चिरली. आत बोगदा होता, त्यात काळपट विष्ठेचा भुसा, आणि त्या भुशात काळसर अळी. उजेड लागताच ती मागे सरकली. मला त्या मागे सरकण्याचीच चीड आली. बाहेर माझं झाड पाणी ओढतंय, ऊन घेतंय, आणि ही आत बसून ते सगळं स्वतःकडे वळवून घेते. झाड तिला मारत तर नाहीच, उलट तिच्याभोवती भिंत जाड करतं. तिला पाऊस लागत नाही, पाखराला ती दिसत नाही, औषध फवारलं तर पोचत नाही. खायला भिंतीच.

कृषी खात्यातला एक माणूस गावात यायचा. त्याला मी चिरलेली गाठ दाखवली. त्यानं मोबाइलवर फोटो काढला, कुणाला तरी पाठवला आणि उत्तर येईपर्यंत चहा प्यायला.

"बाई, ही शेंड्यात गाठ करणारी अळी आहे," तो म्हणाला. "हिचा पतंग कोवळ्या शेंड्यावर अंडी घालतो. अळी निघाली की थेट आत. गाठीसकट शेंडे छाटा आणि जाळा. नुसते टाकून ठेवू नका, जाळाच." मग त्यानं धुऱ्याकडे मान वळवली. "ती बाग कोणाची?"

"माह्या जावेची."

"त्यांनाही सांगा. त्यांनी नाही केलं तर तुम्ही करून काही फायदा नाही."

तो मोटारसायकलला किक मारून गेला. सांगा म्हणणं त्याला सोपं होतं.

मी सांगितलं. धुऱ्यावर उभी राहून, जमेल तेवढ्या गोड आवाजात सांगितलं. जाऊबाई शेळीला पाला टाकत होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कार्तिकात आवळीले विळा लावू म्हणतं?"

"बाई, शेंडेच कापाचे आहेत. झाडाले काई नाई होत."

"तुह्या सासूनं लावलेली झाडं हायेत. कार्तिकात आवळीपुढं दिवा लावतो आपण, तिच्याखाली जेवतो. आन् तू इळा घेऊन निंगाली!"

"आतमंदी अळी हाये, बाई. पुढल्या साली तुमच्याही झाडाले फळ नाई राहणार."

"माह्या झाडाले काऊन पाहून राह्यली तू? तुह्याकडं विहीर हाये न? पाणी घाल, झाडं धुव, नाहीतर पूज. इकडं पाहू नोको."

शेळी पाला खात राहिली. मी परत आले आणि माझ्या बाजूच्या झाडांना विळा लावला. अख्खा आठवडा तेच काम. गाठीसकट शेंडे काढायचे, धुऱ्यालगत ढीग लावायचा. लाकूड ओलं होतं, पेट घेईना, म्हणून वाळू दिलं. त्यातल्याच काही गाठी मी काचेच्या मोठ्या बरणीत घातल्या आणि तोंडाला लुगड्याचा तुकडा बांधला. शत्रू कसा दिसतो ते मला पाहायचं होतं.

आणि माझं काम चाललेलं असतानाच आवळी भोजनाचा दिवस आला.

वाटणीनंतर मला त्या जेवणाचं बोलावणं नसायचं. जाऊबाई आपल्या बागेतल्या सगळ्यात मोठ्या झाडाखाली सारवायच्या, झाडाला सूत गुंडाळायच्या, चूल मांडायच्या. गल्लीतल्या बायका यायच्या. माझ्या बाजूला धूर आणि वड्यांचा वास यायचा. त्या वर्षीही आला. मी झाडावर होते. तिथून मला त्यांच्या त्या मोठ्या झाडाचे शेंडे दिसत होते, सगळे गाठींनी भरलेले, आणि त्याखाली हसत बसलेल्या बायका. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून काही बोललं. जाऊबाई म्हणाल्या, आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "सणाच्या दिवशी झाड बोडून राह्यली ते. हात कसे उठत असतील बाईचे!"

मी खाली उतरले. धुरा ओलांडला. त्यांच्याच झाडाची हाताला येणारी एक फांदी धरली, गाठीसकट मोडली, विळ्यानं तिथंच चिरली आणि जाऊबाईंच्या पत्रावळीवर, भाताच्या शेजारी ठेवली. अळी बाहेर आली. काळी, ओलसर, डोकं हलवत ती वरणाच्या दिशेनं निघाली.

"पूजा करा इची," मी म्हटलं. "तुमच्या आवळीत हेच बसली हाये."

एक म्हातारी ताटावरून उठली. दुसरीनं तोंडाला पदर लावला. जाऊबाई उठल्या नाहीत. त्यांनी पत्रावळ अळीसकट, भातासकट दुमडली आणि माझ्या अंगावर फेकली. वरण माझ्या पायावर सांडलं. गरम होतं.

"निंग इथून," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "परत ह्या धुऱ्यावर पाय ठेवला तर तोडून टाकीन."

मी गेले. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. पायाचा चटका मात्र बरेच दिवस होता.

त्यानंतर थंडीत एका सकाळी मी बागेत गेले तर माझा ढीग जागेवर नव्हता. छाटलेल्या, वाळत घातलेल्या सगळ्या फांद्या गायब. धुऱ्यावर नवी काटी उभी होती. जाऊबाईंनी बोरीच्या आणि बाभळीच्या काट्यांत माझ्याच आवळ्याच्या फांद्या गुंफून कुंपण घातलं होतं, बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गाठी माझ्या बाजूला तोंड करून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. जाऊबाई पलीकडे बसून शेवटचा दोर आवळत होत्या.

"माह्या फांद्या हायेत त्या," मी म्हटलं.

"फेकल्या होत्या न? धुऱ्यावर फेकल्या. धुरा दोघींचा हाये."

"त्याच्यात अळ्या जित्या हायेत, बाई. जाळाच्या होत्या."

"राहू दे जित्या. तुले आवडतात न? घरी बरणीत ठेवल्या म्हने तू." बरणीची गोष्ट गटातल्या कुणी तरी पोचवली होती. "म्या इथी ठेवल्या. तुले रोज दिसतीन."

त्यांना ठाऊक होतं. काय होईल ते त्यांना पूर्ण समजत होतं, म्हणूनच तर कुंपण घातलं. स्वतःच्या झाडांचं नुकसान झालं तरी चालेल, पण माझं व्हायला हवं. मला हे चांगलं समजलं, कारण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

सुट्टीवर आलेल्या नवऱ्याला मी कुंपण दाखवलं. त्यानं लांबूनच पाहिलं. "दादाशी मी नाही भांडणार," म्हणाला आणि घरी जाऊन झोपला.

हिवाळा गेला. आवळ्याची पानं झडली, पुन्हा फुटली. बारीक पिवळट फुलांवर माशा घोंगावायला लागल्या. बरणीत काहीच घडत नव्हतं. वाळलेल्या काठ्या, तळाला थोडा भुसा. मधे एकदा मी एक गाठ चिरून पाहिली. अळी निपचित होती, पण बोट लावलं की वळवळायची. न खाता, न पिता, वाळलेल्या लाकडात ती महिनोन्महिने वाट बघत होती. दुसरी एक चिरली तेव्हा आत तपकिरी कोश होता. गाठीच्या एका बाजूला आतून सगळं लाकूड खाऊन तिनं फक्त कागदाएवढी साल शिल्लक ठेवली होती. जायचा दरवाजा तिनं आधीच करून ठेवला होता, कारण पतंगाला दात नसतात, तो पोखरू शकत नाही. ही अक्कल बघून माझ्या अंगावर शहारा आला. कौतुकानं नाही.

मृगाच्या आधीचे दिवस. चंद्रपूरचं ऊन तेव्हा डोळे उघडू देत नाही. सकाळी चुलीजवळ गेले तर बरणीच्या कपड्याला आतून काहीतरी चिकटलेलं. पतंग. नखाएवढा, मातकट, पंखांवर करड्या रेघांची जाळी. पुढचे पाय ताठ करून, छाती वर उचलून तो असा बसला होता की जणू बरणी त्याच्या मालकीची आहे. एवढाच. ज्याच्यापायी माझ्या पायावर वरण सांडलं तो हा एवढा. मी कपड्यावरूनच त्याला चिमटीत दाबला. बोटांना राखेसारखी पूड लागली.

मग लक्षात आलं, आणि मी तशीच धावत बागेत गेले.

कुंपणाच्या गाठींना भोकं पडायला लागली होती. गोल, स्वच्छ भोकं. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच गाठींना. म्हणजे पतंग निघाले होते, माझ्या झाडांवर बसले होते, आणि पहिल्या पावसानं शेंडे फुटले की त्यांच्या माद्या एकेका कोवळ्या शेंड्यावर जाऊन अंडी घालणार होत्या. उरलेल्या गाठी अजून बंद होत्या.

मी कुंपण उपसलं. भर दुपारी, एकटीनं. बोरीचे काटे हातात घुसत होते. सगळं ओढत विहिरीजवळच्या मोकळ्या खड्ड्यात आणलं, दोन घागरी पाणी जवळ भरून ठेवलं आणि काडी लावली. वाळलेलं लाकूड भडकलं. आतल्या गाठी तडतडत होत्या. तो आवाज मला गोड वाटला.

जाऊबाई धूर पाहून धावत आल्या. हातात विळा होता.

"माही काटी जाळली तू!"

"माह्या फांद्या जाळल्या म्या."

"आग लावली! उन्हाळ्यात आग लावली, बाई! गाव जाळतं का?"

"गाव नाई जळत. पाणी घेऊन बसली मी. तुमी काटी घातली तवा नाई सुचलं?"

त्यांनी विळा उगारला नाही, पण खालीही घेतला नाही. मी जळती काठी हातात धरली होती. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो, घामानं भिजलेल्या, आणि कुणी मधे पडलं नसतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. भासरे मधे पडले. ते कधी आले कळलं नाही. त्यांनी बायकोच्या हातातला विळा काढून घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही. आगीकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि जाऊबाईंना पुढे घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाडीचा आवाज आला.

मला आधी वाटलं कुणी वाळलेलं लाकूड तोडतंय. बागेत जाऊन पाहिलं तर भासरे त्यांच्या बाजूची झाडं तोडत होते. एका टोकानं सुरुवात केली होती आणि रांगेनं पुढे येत होते. हिरवी, फळ धरलेली झाडं. कोवळ्या डहाळ्या जमिनीवर विखुरल्या होत्या. जाऊबाई त्या मोठ्या झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावरचा पदर खाली आला होता.

"हे तरी ठेवा," त्या म्हणत होत्या. "हे एक ठेवा. मायनं लावलं हाये."

मी धुऱ्यावर उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्यांशी बोलले. पदर सावरायचंही सुचलं नाही.

"भाऊजी, कायले तोडता? शेंडे कापले तरी भागते."

ते थांबले. कुऱ्हाड खाली टेकवली.

"तुमा दोघींले झाडं नाई पाह्यजेत," ते म्हणाले. "भांडण पाह्यजे. झाडं म्या तोडली. आता भांडण कशावर करता ते पाहतो."

मग ते बायकोजवळ गेले, तिचा दंड धरून तिला उठवलं आणि ते मोठं झाडही तोडलं.

त्या जागी त्यांनी कापूस लावला. बरडावर कापूस जेमतेम आला. जाऊबाईंनी गावभर सांगितलं की माझ्यामुळे सासूची बाग गेली. निम्म्या गावानं मानलं. माझ्या गटातल्या दोन बायका यायच्या बंद झाल्या. नवऱ्यानं मला विचारलं, "मिळालं का समाधान?" मी म्हटलं, "हो." खोटं नव्हतं. मला वाटलं होतं की आता पलीकडे झाड नाही, म्हणजे अळीला घर नाही. माझी झाडं सुटली.

त्या पावसाळ्यात काही शेंडे पुन्हा थांबले. ते कुंपणातून निघालेल्या पतंगांचं काम, असं म्हणून मी सोडून दिलं. गाठी दिसताच छाटल्या आणि त्याच आठवड्यात डिझेल शिंपडून जाळल्या. एक राहू दिली नाही. झाडाझाडाखाली वाकून पाहिलं. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात शेंडे परत थांबले. मला कळेना. शेजारी तर नुसता कापूस होता.

उत्तर मिळालं ते थंडीत. जाऊबाईंकडे आता आवळा नव्हता, पण सुपारी करायची सवय होती. त्या इतर बायकांबरोबर नाल्यापलीकडे जंगलात आवळे वेचायला जाऊ लागल्या होत्या. परतताना त्यांची वाट माझ्या बागेच्या कडेनं असायची. एकदा त्या डोक्यावर फांद्यांचा भारा घेऊन चालल्या होत्या. जंगली आवळा, फळ बारीक, फांद्या खरबरीत. मी झाडाला टेकून उभी होते. भाऱ्यातून एक फांदी बाहेर आली होती आणि तिच्या शेंड्याखाली गाठ होती. तिच्यामागच्या फांदीलाही होती. सगळ्या भाऱ्यातच होत्या.

"कुठून आणला?" माझ्या तोंडून निघून गेलं. आगीनंतर त्यांच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

त्या थांबल्या. माझी नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं, हात वर करून ती फांदी चाचपली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू नव्हतं.

"जंगलातून," त्या म्हणाल्या. "पुरं जंगल भरलं हाये याच्यानं. पाह्यलं नाई का कधी? तू तर शिकलेली."

मी नाल्यापलीकडच्या झाडांकडे मान वळवली.

"तिथी कोण कापते गाठी, सांग न. तिथी कोणाची जाऊ ऱ्हाते?"

त्यांनी ती फांदी भाऱ्यातून ओढली आणि माझ्या पायाजवळ फेकली. "घे. हेही जाळ." आणि भारा सावरत, मागे न पाहता चालायला लागल्या. वळणावर त्यांनी बरोबरच्या बाईला काही सांगितलं आणि दोघी मोठ्यानं हसल्या.

मी फांदी उचलली. विळ्यानं गाठ चिरली. आत अळी होती, ठणठणीत. उजेड लागताच मागे सरकली. मी तिला काढून दगडावर ठेवलं आणि दुसऱ्या दगडानं ठेचलं. मग माझ्या झाडांकडे वळले, कारण अजून निम्मी बाग छाटायची बाकी होती.

आता दरवर्षी छाटते. जंगल छाटता येत नाही, ते मला समजतं. जाऊबाई रोज त्या वाटेनं जातात. मी झाडावर असले की मुद्दाम हळू चालतात. मी खाली बघत नाही.